काचेच्या पेटीतले बाळ आणि त्याचे पहिले काम





दहावी-बारावीच्या मुलांना 'पुढे काय?' असे विचारले की डॉक्टर, इंजिनिअर, सी.ए. अशी ठरावीक उत्तरे येतात. रुग्णालयात डॉक्टर आणि नर्स यांच्याखेरीज आणखी कोण असते, हे मुलांना ठाऊक नसते आणि पुष्कळदा पालकांनाही नसते. म्हणून या अंकात आम्ही अशा एका कामाची ओळख करून देत आहोत, ज्यात रुग्णाचे वजन कधी कधी एक किलोसुद्धा नसते. ते काम म्हणजे नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातील ऑक्युपेशनल थेरपिस्टचे.

मराठीत या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. येथे 'व्यवसाय' म्हणजे नोकरीधंदा नव्हे. माणूस दिवसभरात जे जे करतो ते सर्व, म्हणजे जेवणे, कपडे घालणे, लिहिणे, खेळणे. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे ही कामे अडली तर ती पुन्हा जमावीत म्हणून साहाय्य करणारा तो थेरपिस्ट. मग दोन दिवसांच्या बाळाला कसला आला व्यवसाय? आहे ना! झोपणे, दूध ओढणे, आईचा आवाज ओळखणे, कुशीत शांत होणे, हेच त्याचे काम.

आपल्या मराठी मुलखाचा या विद्येशी जुना संबंध आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर भारतीय झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाचे विद्यालय सुरू केले. आशियातील ते पहिले मानले जाते.

आता मूळ विषय. गर्भारपण साधारण चाळीस आठवड्यांचे असते. सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांत आपल्या देशातली सर्वाधिक होती.

पोटात बाळ हातपाय पोटाशी घेऊन, अंधारात, आईच्या हृदयाचे ठोके ऐकत असते. वेळेआधी बाहेर आले की एकदम प्रखर दिवे, यंत्रांचे आवाज, सुया आणि नळ्या. स्नायूंत जोर नसल्यामुळे हातपाय बाहेर पसरून पडतात. थेरपिस्ट मऊ कापडाच्या गुंडाळ्या करून बाळाभोवती घरट्यासारखा आधार रचतो, म्हणजे त्याचे हात तोंडाजवळ राहतात. मात्र हे घरटे रुग्णालयातच, यंत्रांची नजर असताना करायचे. घरी बाळाला उताणे, सपाट अंथरुणावर, उशी-लोडाशिवाय झोपवावे.

दुसरे काम म्हणजे बाळाची भाषा वाचणे. बोटे फाकवणे, वारंवार जांभया, उचक्या, मान फिरवणे, रंग बदलणे, याचा अर्थ 'आता पुरे'. हात तोंडाकडे नेणे आणि शांत नजरेने पाहणे म्हणजे 'मी तयार आहे'. तिसरे काम दुधाचे. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तोवर नळीने दूध द्यावे लागते. पुढे बाळाला कुशीवर धरून, मध्ये मध्ये विसावा देत पाजायला आईला शिकवतात.

परंतु सर्वांत मोठे काम आईवडिलांबरोबरचे असते. बाळ काचेपलीकडे, सर्व काही इतरांच्या हाती, आणि आई बाहेरच्या बाकावर. आपला काही उपयोगच नाही, असे तिला वाटू लागते. थेरपिस्ट तिला आत बोलावतो. एक हात डोक्यावर, एक पायांशी, न थोपटता स्थिर कसा ठेवायचा ते दाखवतो. बाळाचा श्वास संथ झालेला ती स्वतः पाहते, तेव्हा ती पुन्हा आई होते.

याच विचारातली 'कांगारू पद्धत' १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनी सुरू केली. उघड्या छातीशी बाळ धरून ऊब द्यायची, एवढे साधे तंत्र. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. जन्मानंतर लगेच ही ऊब मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने घटले. ही ऊब वडील, आजीसुद्धा देऊ शकतात.

आजीमंडळींना एक नम्र विनंती. 'सातव्या महिन्याचे जगते, आठव्याचे नाही' हा समज चुकीचा आहे. पोटातला प्रत्येक आठवडा बाळाला बळच देतो. तसेच घुटी, मध किंवा तेलाची जोरकस मालिश डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

घरी आल्यावरही तीन गोष्टी विसरू नयेत. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावेत. उशीर झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. दुसरे, तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. तिसरे, वयाचा हिशेब. आठ आठवडे आधी आलेले बाळ सहा महिन्यांचे झाले तरी त्याची वाढ चार महिन्यांच्या बाळाशी ताडून पाहावी. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब धरतात. शेजारच्या बाळाशी तुलना करून घरात रडारड नको.

हे सर्व शाळेच्या पत्रिकेत का, असे कोणी विचारील. कारण हीच बाळे पुढे आमच्या बालवर्गात येतात. बहुतेक छान शिकतात. काहींना पेन्सिल धरणे, एका जागी बसणे किंवा फळा दिसणे जड जाते, आणि त्यांना 'आळशी', 'मंद' म्हटले जाते. मूल अपुऱ्या दिवसांचे होते ही गोष्ट पालक लाजेने लपवतात. कृपया प्रवेशाच्या वेळी ती सांगावी. यामुळे प्रवेश अडणार नाही. शिक्षकांना पहिल्या दिवसापासून त्या मुलाला समजून घेता येईल. विश्वस्तांनीही बालवर्गाच्या शिक्षिकांसाठी एखाद्या थेरपिस्टचे व्याख्यान ठेवण्याचा विचार करावा.

आणि विद्यार्थ्यांनो, बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेणाऱ्यांसाठी हा मार्ग खुला आहे. मुंबई-नागपूरला याची जुनी विद्यालये आहेत. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीचे पाहावेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला आरोग्यसेवेत रीतसर स्थान मिळाले आहे, पण नवजात बाळांसाठी काम करणारे अजून थोडेच आहेत. हुशारीबरोबर हलका हात आणि भरपूर धीर असलेल्यांची तेथे वाट पाहिली जात आहे.

आपला,
प्राचार्य