खानेसुमारीचे आकडे व दानाचा हिशेब

दुष्काळात दान करू इच्छिणाऱ्या गृहस्थांस पहिला प्रश्न पडतो तो हा की, माणसे किती व त्यांत खरी गरजू कोणती? याचे उत्तर अदमासाने न देता खानेसुमारीच्या पुस्तकांत शोधावे. हिंदुस्थानभर एककालिक अशी पहिली गणती १८८१ साली झाली. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत आली.

सावद्याचे जुने आकडे पाहताना जिल्ह्याची हद्द आधी ध्यानात घ्यावी. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व भाग तो आजचा जळगाव जिल्हा होय. यास्तव १९०१ च्या अखंड खानदेशाशी आजच्या जळगावाची तुलना करू नये.

जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावोगावची कुटुंबे, सहा वर्षांपर्यंतची मुले, शेतकरी व शेतमजूर यांचे निरनिराळे रकाने असतात. शेतमजुरांचा रकाना प्रथम पाहावा. कारण पाऊस चुकताच मजुरी त्यांचीच बुडते. व्यक्तींची माहिती मात्र १९४८ च्या कायद्याने गुप्त राहते.

आकड्यांसही मर्यादा आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० हे दोन्ही दुष्काळ १८९१ व १९०१ या गणत्यांच्या मध्ये पडले. पुस्तकात दिसतात ती केवळ दोन टोके. शिवाय दुष्काळात लोक गाव सोडून जातात. म्हणून धान्याची तजवीज आकड्यांवरून करावी, आणि वाटप घरोघर चौकशी करूनच करावे. दात्यांनी दिलेला प्रत्येक रुपया उपाशी मुखी पोहोचण्याचा हाच सरळ मार्ग होय.