नाक मोठं असलेला कुत्रा

गिरगाव-दादरच्या चाळींतला पांढरा, झुपकेदार शेपटीचा ‘पामेरियन’ कुत्र्यांच्या प्रदर्शनांतल्या पंडितांना कधीच रुचला नाही. ना धड पामेरियन, ना धड जर्मन स्पिट्झ, असं म्हणून ते मान वळवतात. कागदोपत्री ते खरं असेल. पण इंग्रजांच्या काळात आलेल्या स्पिट्झपासून इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेला हा इंडियन स्पिट्झ आहे आणि शहराला साजेसा कुत्रा ठरवताना कागदापेक्षा नाक पाहावं, हा माझा जुना हट्ट आहे. व्हिक्टोरिया राणी, तिचे पामेरियन, कुत्र्यांच्या आयातीवरचे निर्बंध, १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’ सिनेमातला टफी हा कुत्रा, हे सगळं वाचकांना पाठ आहे. ते सोडून मुद्द्यावर येतो.

कुत्रा आपल्यासारखा अंगभर घामाघूम होत नाही. तो धापा टाकतो आणि जीभ, तोंड, नाकातला ओलावा उडून त्याचं अंग निवतं. मे महिन्यात मुंबईची दमट हवा हा ओलावा लवकर उडू देत नाही. अशा ठिकाणी चपट्या तोंडाचा, अरुंद नाकपुड्यांचा पग म्हणजे पहिल्यापासून तोट्यातला व्यवहार. तरीही २००३ सालच्या मोबाइल सेवेच्या पगवाल्या जाहिरातीनंतर घरोघर पग आले, मागोमाग शित्झू. स्पिट्झचं नाक लांब, श्वास मोकळा. ‘एवढे केस घेऊन तो उकाड्यात जगणार कसा?’ हा आक्षेप बिनबुडाचा नाही. उत्तर मात्र कात्री हे नव्हे. त्याचे केस दुपदरी असतात. आतली लव रोज विंचरून काढली की हवा खेळते. मुळापासून भादरला, तर कातडी उन्हात उघडी पडते आणि पुष्कळदा केस पुन्हा नीट येत नाहीत. दुपारी फिरवू नये, शहाबादी फरशीवर पसरू द्यावं.

दुसरा आक्षेप भुंकण्याचा. चाळीच्या सामाईक गॅलरीत हा दोष नव्हता, ती त्याची चाकरीच होती. अनोळखी पाऊल वाजलं की भुंकायचं, माणूस ओळखीचा निघाला की गप्प बसायचं. टॉवरच्या बंद दारामागे त्याला पाऊल ऐकू येतं, माणूस दिसत नाही. मग गप्प व्हायचं कशावरून? म्हणून स्पिट्झऐवजी काही जाणकार आता टेरिअर सुचवतात. बिळात घुसून शिकार करण्यासाठी घडवलेला जॅक रसेल टेरिअर दहा बाय बाराच्या खोलीत काय करणार? उंदीर मारेल म्हणावं, तर लालबाग-परळला उंदरांची वाण नाही. पण लेप्टो हा आजार पसरतो तो उंदरांच्याच मुतातून आणि २६ जुलै २००५च्या पुरानंतर तो काय करतो हे मुंबईनं पाहिलेलं आहे. लेप्टोची लस स्पिट्झलाही दरवर्षी हवीच, पण त्याला उंदराचं वेड तरी नसतं.

बाकी निगा फारशी नाही. दात घासावेत, पावसाळ्यात गोचीड तपासावेत, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा, चहात बुडवलेलं बिस्कीट बंद करावं, कारण वजन वाढलं की गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास बळावतो. परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल १९व्या शतकापासून हाकेच्या अंतरावर आहे. कठीण झालंय ते चांगलं पिल्लू मिळणं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असा नियम २०१७ पासून आहे, तरी गिऱ्हाईक वय विचारत नाही, ‘टीकप’, म्हणजे अगदी चिमुकलं, आहे का म्हणून विचारतं. या मागणीपायी आता पामेरियनचंही नाक आखूड करणं चालू आहे.