फुलपाड्यातला डायंथस

युरोपातील बागांचा जुना डायंथस, म्हणजे डायंथस प्लुमॅरिअस, ही कार्नेशनच्या कुळातली बुटकी वनस्पती. निळसर करडी, गवतासारखी अरुंद पाने, कातरलेल्या कडांच्या पाकळ्या आणि लवंगेसारखा वास ही तिची ओळख. उणे 30 अंशांच्या थंडीतही ती तगते, म्हणून बियाण्याच्या पाकिटावर ती काटक आणि बहुवर्षायू ठरते. पण हा काटकपणा थंडीपुरताच. विरार पूर्वेच्या फुलपाड्यात तिचा वैरी पाऊस आहे. 2000 मिलिमीटरहून अधिक पाणी चार महिने मुळाशी मुरत राहिले की खोड मातीलगत कुजते.

शिवाय प्लुमॅरिअस बहुधा पेरणीच्या दुसऱ्या वर्षी फुलते. त्याआधीच इथे पावसाळा गाठतो. त्यामुळे कोकणपट्टीत डायंथस चायनेन्सिसचे बी घेऊन त्याला हिवाळी फूल मानावे, हेच बरे. ते अडीच-तीन महिन्यांत फुलते. वास जवळजवळ नसतो, तेवढा तोटा सोसावा लागतो.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये पेरणी करावी. कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या ट्रेमध्ये काळे, चपटे बी पसरून वर जेमतेम 3 मिलिमीटर थर द्यावा आणि फवाऱ्याने पाणी घालावे. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. याच वेळी पाणी घालताना हात सैल सुटला तर रोपे बुडाशी मऊ पडून रात्रीत आडवी होतात. ट्रेचा वरचा थर किंचित सुकल्यावरच पुढचे पाणी द्यावे.

चार-सहा पाने आली की रोप कुंडीत हलवावे. डायंथसला चुनखडीची, निचऱ्याची जमीन मानवते, तर रोपवाटिकेतली लाल माती बहुधा आम्लधर्मी असते. म्हणून तीत भरपूर वाळू आणि आठ इंची कुंडीमागे लहान चमचाभर विझवलेला चुना आठवडाभर आधी मिसळावा. शेंडा एकदा खुडला की फुटवे वाढतात. ऊन सहा तास तरी हवे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलत असल्याने त्या बाजूची बाल्कनी सोयीची. सुकलेली फुले खुडत राहिल्यास बहर मार्चपर्यंत चालतो.

घरच्या बियांपासून दुहेरी पाकळ्यांचे झाड हुबेहूब येत नाही. तळेगाव दाभाडेच्या पॉलिहाऊसमध्येही कार्नेशन कलमी रोपांपासूनच लावतात. साध्या एकेरी फुलांचे बी मात्र कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत पुढच्या ऑक्टोबरपर्यंत सहज टिकते.