आयोडाइडची गोळी: कुणाला, केव्हा, किती?
ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र पनवेलपासून सरळ रेषेत सुमारे 20 किलोमीटरवर आहे, तारापूरचा अणुवीज प्रकल्प शंभरेक किलोमीटरवर. अणुभट्टीच्या गंभीर अपघातात किरणोत्सर्गी आयोडीन-131 हवेत पसरू शकते. त्याचे अर्धायुष्य 8 दिवस. थायरॉइड ग्रंथीला ते साध्या आयोडीनसारखेच वाटते आणि ती ते साठवते. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीने ग्रंथी आधीच भरली, तर त्याला जागा उरत नाही.

वेळ फार महत्त्वाची: त्याच्या संपर्काच्या थोडे आधी किंवा नंतर लगेच. उशीर झाला की उपयोग झपाट्याने घटतो. प्रौढांना 130 मिलीग्रॅम, 3 ते 12 वर्षांच्या मुलांना 65, नवजात बाळाला फक्त 16. परिणाम साधारण एक दिवस टिकतो. मुले आणि गरोदर स्त्रिया आधी; चाळिशीपुढे लाभ कमी. 1986 मध्ये चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर पोलंडने 1 कोटीहून अधिक मुलांना आयोडीन पाजले होते.

सीझियमसारख्या इतर किरणोत्सर्गी पदार्थांपासून ही गोळी वाचवत नाही. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाणे निरुपयोगी, आणि टिंक्चर आयोडीन तर विषारीच. ते कधीही पिऊ नये. प्रशासनाने सांगितल्याशिवाय गोळी घेऊ नका. थायरॉइडचा आजार असल्यास डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.