चिमणीला 'टेन्शन' येतं का? उन्हाळा, पाणी आणि एक हार्मोन

नंदनवनात उन्हाळा लागला की दोन गोष्टी हमखास दिसतात: खिडकीत कूलर आणि गच्चीवर पाण्याचं मातीचं भांडं. शेजारच्या काकूंनी परवा भांडं भरता भरता विचारलं, "तू पक्ष्यांचं टेन्शन मोजतो म्हणे, खरं का?" खरं आहे. पण प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, म्हणून ही पोस्ट.

आधी उन्हाचं गणित. चिमणीच्या शरीराचं तापमान साधारण ४१-४२ अंश असतं. नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ वर गेला होता. म्हणजे हवाच अंगापेक्षा गरम! अशा वेळी उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, पाण्याची वाफ करणं. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. म्हणून दुपारी चिमणी चोच उघडून धापा टाकताना दिसते. प्रत्येक धापेबरोबर थोडं पाणी जातं. थोडक्यात, ऊन वाढलं की तहान वाढतेच.

मग शरीर काय करतं? रक्तातलं पाणी कमी झालं, क्षार दाट झाले, की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळतं. तिथून व्हॅसोटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि ते मूत्रपिंडाला सांगतं, 'पाणी धरून ठेव'. हेच व्हॅसोटोसिन पियुषिका ग्रंथीलाही ढोसतं. मग तिचा निरोप अधिवृक्क ग्रंथीला जातो आणि तिथून कॉर्टिकोस्टेरॉन बाहेर पडतं. आपल्यात जे काम कॉर्टिसॉल करतं, ते पक्ष्यांमध्ये हे करतं. रक्तात साखर वाढवणं, स्नायूंतलं प्रथिन मोडणं, आणि फारच लांबलं तर अंडी-पिल्लांचा कारभार बाजूला ठेवणं.

स्नायू मोडण्यात पाण्याचाही फायदा आहे. २०११ मध्ये गर्सन आणि गुग्लिएल्मो यांनी आपल्याच घरचिमणीवर प्रयोग करून दाखवलं की पाणी कमी दिलं की ती जास्त प्रथिन जाळते. तेवढ्याच ऊर्जेसाठी चरबीपेक्षा प्रथिनातून सुमारे पाचपट पाणी सुटतं. म्हणजे तहानलेली चिमणी अक्षरशः स्वतःचे स्नायू 'पिते'. हा उपाय दोन-चार दिवस चालेल, महिनाभर नाही.

इथेच गोची आहे. 'कॉर्टिकोस्टेरॉन जास्त म्हणजे पक्षी संकटात' असं सरळ म्हणता येत नाही. हे हार्मोन मुळात वाचवायला आहे. शिवाय तहानलेला पक्षी कोरडे दाणे कमी खातो, मग वाढलेला आकडा तहानेचा की भुकेचा? आणि पक्षी हातात धरला की काही मिनिटांतच पातळी चढायला लागते. म्हणून रक्ताचा नमुना पकडल्यापासून ३ मिनिटांच्या आत घ्यावा लागतो. विष्ठेत काही तासांपूर्वीचा हिशेब सापडतो, तर पिसात ते वाढत होतं त्या सगळ्या दिवसांचा. तीन ठिकाणचे आकडे तीन वेगळ्या काळांबद्दल बोलतात. ते एकमेकांना जुळले नाहीत तर कुणी चुकलं असं नाही.

मग काकूंच्या भांड्याचा उपयोग? आहे, नक्की आहे. भांडं उथळ हवं, सावलीत हवं, आणि पाणी रोज बदलायला हवं, नाहीतर त्यात डासच वाढतील. पण एक गोष्ट भांड्याने होत नाही. घरट्यातलं पिल्लू भांड्यापाशी येत नाही. त्याचं पाणी आईबाप आणतात त्या अळ्या-किड्यांतून येतं. अंगणातलं झुडूप तोडून फरशी टाकली, वर कीटकनाशक फवारलं, तर गच्चीवर भांडं भरलेलं असूनही पिल्लू कोरडंच राहतं.

काकूंना एवढंच सांगितलं: "भांडं राहू द्या, पण कोपऱ्यातली जास्वंदही राहू द्या." त्या म्हणाल्या, "तिच्यावर तर किडे होतात." म्हटलं, तेच तर पाहिजे ना!