बल्क कूलरचे दिवे काय सांगतात?

दूध ही अत्यंत नाशवंत वस्तु आहे. धार काढतेवेळीं तें जनावराच्या अंगाइतकेंच, म्हणजे सुमारें ३७ ते ३८ अंश उष्ण असतें, आणि ही उष्णता जंतूंच्या वाढीस फार मानवते. अशा स्थितींत कित्येक जंतूंची संख्या २० ते ३० मिनिटांत दुप्पट होते. तेंच दूध ४ अंशांपर्यंत निववलें म्हणजे ही वाढ पुष्कळ मंदावते. गांवोगांवच्या दूध संस्थांनीं बल्क कूलर बसविले ते एवढ्याचसाठीं. परंतु ज्या यंत्रावर शेंकडों घरांचें दूध विसंबून असतें, तें बंद पडलें असतां त्याच्या पेटीवरील दिवे वाचतां येणारा मनुष्य संस्थेंत क्वचितच आढळतो. तांबडा दिवा दिसला कीं "कार्ड गेलें" असें म्हणण्याचा परिपाठ पडला आहे. हा परिपाठ किती महाग पडतो, हें प्रस्तुत लेखकानें जवळून पाहिलें आहे.

आमच्या भागांतील एका संस्थेचा बल्क कूलर उन्हाळ्यांत एके सायंकाळीं बंद पडला. पेटीवर तांबडा दिवा लागला होता. दूरध्वनीवरूनच "कार्ड जळलें" असा निर्णय झाला. नवें कार्ड येईपर्यंत दोन दिवस गेले. त्या अवधींत कांहीं दूध कॅनमध्यें भरून थेट पाठविलें, तरी दोन वेळचें दूध आंबट ठरून परत आलें. आणि कार्ड बसविल्यावरही तोच तांबडा दिवा पुन्हां लागला. अखेर एका जुन्या वायरमननें कंडेन्सरकडे बोट दाखविलें. शेजारच्या पडवींत कडबा-कुट्टीचें यंत्र चालत असे. त्याचा भुसा कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत घट्ट बसला होता. मेन स्विच बंद करून ब्रशानें तो काढतांच यंत्र चालूं लागलें. जुनें कार्ड पुन्हां लावून पाहिलें, तें निर्दोष निघालें. कार्डाची किंमत आणि परत आलेल्या दुधाचें नुकसान मात्र सभासदांच्या बिलांतून वळतें झालें. ज्यांच्या दारीं एकच म्हैस, अशीं घरेंही त्यांत होतीं. "दाब वाढला म्हणून मीं यंत्र थांबविलें" एवढेंच तो तांबडा दिवा सांगत होता. तें कोणीं ऐकून घेतलें नाहीं.

दिव्यांचा अर्थ लावण्यापूर्वीं पेटींतील क्रम समजला पाहिजे. बाहेरील वीज प्रथम मेन स्विच व फ्यूज यांतून येते. तिची तपासणी फेज-रक्षक उपकरण करतें. नंतर दाबाचे स्विच, मोटरचा ओव्हरलोड रिले इत्यादि रक्षक एकामागून एक साखळीप्रमाणें जोडलेले असतात. त्यांच्या संमतीनें कार्ड कॉम्प्रेसर चालविण्याचा हुकूम देतें. त्या हुकुमानें काँटॅक्टर ओढला जातो, आणि मग मोटर फिरते. मीं महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथें फेरफाराची नोंद अडकली म्हणजे ती कोणत्या मेजावर अडकली हें आधीं पाहावें लागे; शेवटची सही करणाऱ्या अंमलदारास दोष देऊन नोंद पुढें सरकत नसे. येथेंही तसेंच आहे. साखळींतील एक कडी तुटली तरी कार्ड स्वस्थ बसतें, आणि तें त्याचें कर्तव्यच होय. म्हणून तपास नेहमीं वीज येते त्या टोकाकडून सुरू करावा.

वीजपुरवठा.— पेटीवर बहुधा तांबडा, पिवळा व निळा असे तीन दिवे तीन फेजचे असतात. तिन्ही सारखे तेजस्वी असावेत. एखादा विझलेला वा मंद दिसल्यास त्या फेजचा फ्यूज, तार किंवा बाहेरचा पुरवठा यांत खोट असेल, अथवा तो दिवाच जळलेला असेल. वायरमनकडून मीटरनें माप घेतल्यास उलगडा होतो. दोन फेजमध्यें सुमारें ४०० ते ४१५ व्होल्ट, आणि फेज व न्यूट्रल यांमध्यें सुमारें २३० ते २४० व्होल्ट हें प्रमाण समजावें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मोटर फिरत असतां एक फेज गेली, तर मोटर स्वतःच त्या तारेंत कांहीं व्होल्ट उत्पन्न करते, आणि त्या फेजचा दिवा मिणमिणत राहतो. तेव्हां दिवा लागलेला आहे एवढ्यावरून फेज आहे असें समजूं नये.

फेज-रक्षक.— यास पुष्कळ ठिकाणीं सिंगल फेज प्रिव्हेंटर म्हणतात. एक फेज जाणें, तीन फेजमधील व्होल्टेज विषम होणें किंवा फेजचा क्रम उलटणें, यांपैकीं कांहीं झालें कीं हें उपकरण यंत्र थांबवितें व आपल्या दिव्यानें तसें दर्शवितें. ट्रान्सफॉर्मरवर अथवा खांबावर काम झाल्यानंतर हा दिवा दोष दाखवूं लागला, तर क्रम उलटल्याचा संशय प्रथम घ्यावा. वीज बंद करून येणाऱ्या दोन तारा आपसांत बदलल्या कीं क्रम सुधारतो. हें काम वायरमनचें आहे. स्क्रोल जातीचा कॉम्प्रेसर उलटा फिरला असतां मोठा आवाज करतो व थंडावा देत नाहीं, म्हणून ह्या रक्षकास वगळून यंत्र चालविण्याचा मोह घातक समजावा.

जास्त दाबाचा दिवा.— दुधांतून काढलेली उष्णता कंडेन्सरवाटे बाहेर टाकली जाते. ती बाहेर पडण्यास अडथळा झाला कीं गॅसचा दाब वाढतो व हाय प्रेशर स्विच यंत्र तोडतो. कंडेन्सर धुळीनें वा भुशानें भरणें, पंखा बंद पडणें, गरम वारा परत आंत ओढला जाणें, उन्हाची झळ लागणें, अशीं याचीं कारणें असतात. पुष्कळ यंत्रांत हा स्विच हातानें कळ दाबल्याशिवाय पूर्वस्थितीस येत नाहीं. कंडेन्सर व पंखा पाहून, कारण दूर करून मगच कळ दाबावी. कारण न पाहतां पुनःपुन्हां कळ दाबणाऱ्याच्या हातून कॉम्प्रेसरच जाण्याचा संभव असतो.

कमी दाबाचा दिवा.— याचें नांव घेतांच "गॅस संपला" असें अनुमान निघतें. तें कधीं खरें असतें. सांध्यांवर तेलाचा ओघळ दिसणें किंवा साबणाच्या पाण्याचे बुडबुडे येणें, ही गळतीची खूण आहे. परंतु दूध घुसळणारी फिरकी थांबली असतांही दाब उतरतो. कारण तळाशीं दूध गोठूं लागतें आणि वरच्या दुधाची उष्णता गॅसपर्यंत पोहोंचत नाहीं. म्हणून गॅस भरण्यापूर्वीं झांकण उघडून फिरकी फिरते कीं नाहीं तें पाहावें. गळती न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणें होय.

मोटरचे रक्षक.— मोटरनें नेमस्त प्रवाहापेक्षां अधिक प्रवाह ओढला कीं ओव्हरलोड रिले तोडतो. कमी व्होल्टेज, एक फेज जाणें, काँटॅक्टरचीं जळकीं तोंडें किंवा सैल तार हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. रिलेची तबकडी मोटरच्या पाटीवरील प्रवाहाशीं जुळलेली असावी; ती वाढवून ठेवणें म्हणजे पहारेकऱ्यास झोंपविणें आहे. कांहीं कॉम्प्रेसरांत मोटरच्या वेटोळ्यांमध्येंच थर्मिस्टर बसविलेले असतात, व त्यांवर नजर ठेवणारें वेगळें मोड्यूल असतें. मोटर थंड असतां थर्मिस्टरचा विरोध थोडा असतो. ती फार तापली म्हणजे तो एकाएकीं वाढतो. प्रचलित मोड्यूलांपैकीं पुष्कळांत तो सुमारें ४५०० ओहमवर गेला कीं कॉम्प्रेसर थांबतो, व सुमारें २७५० ओहमच्या खालीं आल्यावांचून पुन्हां चालत नाहीं. कित्येकांत यापुढेंही ३० मिनिटांची सक्तीची विश्रांति असते. हें ठाऊक नसल्यामुळें थंड होत असलेल्या निर्दोष मोटरवर अनेकदां मृत्यूचा शिक्का बसतो.

लुकलुकणारा दिवा.— वीज गेली व परत आली, तर कॉम्प्रेसर तत्काळ सुरू होऊं नये म्हणून कार्ड कांहीं मिनिटें वाट पाहतें. कांहीं यंत्रांत त्या वेळीं कॉम्प्रेसरचा दिवा लुकलुकतो. हा दोष नव्हे. घड्याळ लावून दहा मिनिटें थांबावें, आणि तेवढ्यांत यंत्र न चालल्यास पुढील तपास करावा. अंशांच्या जागीं अक्षरें उमटूं लागलीं, तर बहुधा उष्णतामापक तुटला आहे किंवा त्याची तार निघाली आहे. आंकडा उमटतो पण संशयास्पद वाटतो, अशा वेळीं तो मापक बाहेर काढतां येत असल्यास कुटलेलें बर्फ व थोडें पाणी यांत बुडवावा. कांहीं वेळानें शून्याच्या आसपास आंकडा आला पाहिजे. तो तसा आला नाहीं तर मापक, त्याची तार किंवा कार्डाची मांडणी यांत चूक आहे. मापक स्वस्त असतो, म्हणून त्याची परीक्षा आधीं व्हावी.

आतां कार्ड केव्हां दोषी ठरवावें, हा मुख्य प्रश्न. त्यासाठीं चार प्रश्न क्रमानें विचारावे. पहिला : कार्डास लागणारी वीज, जी कोठें २३० व कोठें २४ व्होल्ट असते, ती कार्डाच्या टोकांवर पोहोंचते काय? कित्येकदां शेजारचा लहान कांचेचा फ्यूजच उडालेला असतो. दुसरा : सर्व रक्षकांची साखळी अखंड आहे काय? तिसरा : दूध ठरविलेल्या अंशाहून उष्ण आहे व वाट पाहण्याचा काळ संपला आहे काय? चौथा : कार्डाच्या बाहेर जाणाऱ्या टोकांवर कॉम्प्रेसरचा हुकूम निघाला काय? पहिल्या तिन्ही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी आणि चौथ्याचें नकारार्थी आलें, तरच कार्ड दोषी. हुकूम निघाला पण काँटॅक्टर ओढला गेला नाहीं, तर त्याचें कॉइल किंवा तेथवरची तार पाहावी. काँटॅक्टर ओढला गेला पण मोटर फिरली नाहीं, तर त्याचीं तोंडें, तारा व मोटर यांकडे वळावें. हीं मापें चालू विजेवर घ्यावीं लागतात, म्हणून पेटी वायरमननेंच उघडावी. बाहेरून दिवे वाचण्याचें काम मात्र संस्थेंतील कोणासही करतां येतें.

कांहीं कार्डांवर हिरवा दिवा वीज असल्याचें, पिवळा इशाऱ्याचें आणि तांबडा यंत्र तोडल्याचें चिन्ह असतो, व पिवळा किती वेळां लुकलुकतो यावरून दोष कळतो. परंतु हे संकेत कारखान्यागणिक भिन्न असतात. एका यंत्राचे तीन लुकलुकाट दुसऱ्यास लावूं नयेत. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेंतील कोष्टक मराठींत उतरवून पेटीच्या दारावर आंतून चिकटवावें. लुकलुकाट सलग दोनदां मोजावे आणि ते लिहून घेईपर्यंत वीज बंद करूं नये. कारण कित्येक कार्डांची स्मृति वीज जातांच पुसली जाते. आग, धूर, जळका वास किंवा पेटीस विजेचा धक्का असें कांहीं आढळल्यास मात्र मोजणी सोडून, मेन स्विच जवळ सुखरूप जातां येत असेल तर तो प्रथम बंद करावा.

एक निषेध स्पष्ट शब्दांत लिहिला पाहिजे. कोणत्याही रक्षकास तारेचा तुकडा लावून वगळूं नये. आजची रात्र निभावते, आणि उद्यां कॉम्प्रेसर जातो किंवा मनुष्य दगावतो. पेटींत हात घालण्यापूर्वीं मेन स्विच बंद करून त्यास कुलूप लावावें, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशांत असावी, आणि वीज खरोखर गेली हें मीटरनें पाहावें.

तपास चालूं असतां दुधाकडे दुर्लक्ष होऊं नये. यंत्र अर्ध्या तासांत सुधारेलसें दिसत नसल्यास दूध संघास कळवून टँकर लवकर मागवावा. थंड झालेल्या दुधांत नवें उष्ण दूध ओतूं नये. तें कॅनमध्यें वेगळें ठेवून कॅनच्या बाहेरून बर्फ व पाणी लावावें. बर्फ दुधांत टाकणें ही भेसळच होय.

शेवटीं चिटणीसांनीं एक वही घालावी. तारीख, वेळ, लागलेले व विझलेले दिवे, लुकलुकाटांची संख्या, दुधाचे अंश, आढळलेलें कारण आणि केलेला उपाय, एवढे रकाने पुरेत. मेकॅनिकला दूरध्वनि करतांना "तांबडा दिवा लागला" एवढेंच न सांगतां ही ओळ वाचून दाखवावी. म्हणजे तो योग्य वस्तु घेऊन येईल. आणि कार्ड बदलण्याची सूचना आली, तर वरील चार प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून घेतल्याशिवाय खर्चास मंजुरी देऊं नये. जुनें कार्ड संस्थेनें आपल्या ताब्यांत ठेवावें. ही वही दोन पावसाळे नीट चालली, तर आपलें यंत्र कोणत्या ऋतूंत कोठें अडतें हें तीच सांगूं लागेल, आणि कंडेन्सरचा भुसा तांबडा दिवा लागण्यापूर्वींच निघेल.