शंभरपर्यंत आकडे येतात, पण पाच म्हणजे किती?

जून जवळ आला, की भायखळ्यातल्या घराघरांत मुलांच्या शाळेची तयारी सुरू होते. चार वर्षांच्या मुलाकडून एक ते शंभर म्हणून घ्यायचे, पाटीवर अक्षरे गिरवून घ्यायची. मुलाने न अडखळता शंभर गाठले, की आईवडील निर्धास्त होतात. आपण शिक्षकांनी मात्र जरा तपासून पाहावे.

पाच चिंचोके मांडून मुलाला मोजायला सांगा. 'एक, दोन, तीन, चार, पाच' असे ते बरोबर मोजेल. मग विचारा, 'किती झाले?' काही मुले 'पाच' असे उत्तर न देता पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात. त्यांच्या दृष्टीने 'पाच' हे शेवटच्या चिंचोक्याचे नाव असते, सगळ्यांची मिळून संख्या नव्हे.

मोजण्यात तीन गोष्टी येतात. आकड्यांचा क्रम पाठ हवा, एका वस्तूला एकच आकडा द्यायला हवा आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, हे उमगायला हवे. पाठांतराने यांतली पहिलीच गोष्ट साधते.

आता चिंचोक्यांच्या दोन सारख्या रांगा मांडा. मुलाच्या देखत एक रांग पसरून लांब करा. 'लांब रांगेत जास्त,' असे या वयाची बरीच मुले सांगतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (1896–1980) यांनी हे दाखवून दिले. हा मठ्ठपणा नव्हे, वाढीतला एक टप्पा आहे. अशा वेळी रागावले, तर मूल संख्या शिकत नाही. आपल्याला गणित येत नाही, एवढेच शिकते. ही समजूत पुढे पुसणे फार अवघड.

उरलेल्या दोन गोष्टी हाताळण्यातून येतात. जेवताना प्रत्येकाला एक ताट, एक वाटी मुलालाच मांडू द्यावी. जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात. धीम्या लोकलने दादरला जाताना चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर अशी बोटे मुडपावीत आणि विचारावे, 'किती स्टेशने झाली?'

याच दादरला ताराबाई मोडकांनी 1936 मध्ये शिशुविहार सुरू केला. खेळातून, हाताने काम करत शिकणे हाच त्यांच्या बालशिक्षणाचा पाया होता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहा वर्षांपर्यंतच्या शिक्षणात खेळावर भर आहे.

पहिल्या पालकसभेत भाषण देण्याऐवजी पाच चिंचोके न्यावेत. पालकांना एवढेच सांगावे: शंभरची घाई नको, आधी पाच पक्के होऊ द्या.